अहवालात दुसऱ्याच मुलीचे गाव राहून गेले: याला थकवा म्हणायचे की आणखी काही?

गृहभेट (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका जिल्ह्यात बालसंरक्षणाचे काम करते. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाल्यावर एका स्वयंसेवी संस्थेत रुजू झाले, त्याला या जूनमध्ये सहा वर्षे पूर्ण झाली. बालकल्याण समितीने सोपवलेल्या मुलांच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करणे, बालगृहातून घरी परतलेल्या मुलांचा पाठपुरावा ठेवणे आणि पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) खटल्यांमध्ये समितीने नेमलेली सहाय्यक व्यक्ती म्हणून मुलीबरोबर न्यायालयात जाणे, ही माझी मुख्य कामे. आज माझ्या नावावर ४९ चालू प्रकरणे आहेत.

गेल्या महिन्यातील एक प्रसंग सांगते. बाल न्याय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करावी लागते, आणि त्या आठवड्यात माझे तीन अहवाल एकाच दिवशी द्यायचे होते. रात्री साडेअकराला मी एका जुन्या अहवालाची फाईल उघडली आणि त्याच्यावरच नवा मजकूर टाइप करत गेले. दुसऱ्या दिवशी समितीसमोर एका सदस्य मॅडमनी चष्मा वर सरकवून अगदी शांतपणे विचारले, "पहिल्या पानावर हिचे वडील रिक्षा चालवतात आणि तिसऱ्या पानावर ते ऊसतोडीला गेले आहेत. यातले खरे काय?" तिसऱ्या पानावर दुसऱ्याच मुलीचे गाव आणि दुसऱ्याच मुलीचे वडील राहून गेले होते. अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते. पण मला उत्तरच आठवेना, आणि त्याने मी हादरले. त्या घरी मी चारच दिवसांपूर्वी जाऊन आले होते, पाऊण तास बसले होते, मुलीच्या आईने केलेला चहा घेतला होता, आणि तरी ते घर काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

मला रडू येत नाही, हीच माझी तक्रार आहे. पहिली दोन वर्षे मी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडत असे. आता एखादी आई बोलता बोलता रडू लागली की माझे लक्ष तिच्यामागच्या घड्याळाकडे जाते आणि मी मनात पुढच्या गावाची एस.टी. मोजू लागते. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. माझी स्वतःची मुलगी चार वर्षांची आहे. शेजारचे आजोबा तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगू लागले की मी काहीतरी निमित्त काढून तिला उचलून आणते. ते गृहस्थ सज्जन आहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, तरीही मी तसे करते. नवऱ्याशी यातले काही बोलता येत नाही, कारण प्रकरणांची गोपनीयता पाळावी लागते, आणि प्रकरण वगळून काय बोलायचे हे मला सुचत नाही.

आमच्या सरांनी समजूतदारपणे चार दिवसांची रजा दिली. आम्ही तारकर्लीला जाऊन आलो. फोन तिथेही वाजत राहिला आणि परतल्यावर चार दिवसांचे काम टेबलावर जसेच्या तसे होते. मध्यंतरी संस्थेने ताणतणाव व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळाही घेतली. तिच्यात आमच्याकडून फुगे फुगवून घेतले, त्यांवर स्केचपेनने आपापला ताण लिहायला लावला आणि मग ते फोडायला सांगितले. जेवण मात्र चांगले होते.

हा आळस आहे, थकवा आहे की मी या कामाला लायकच उरले नाही? ज्यांनी या कामात दहा-वीस वर्षे काढली आहेत त्यांनी प्रत्यक्षात काय केले, हे मला वाचायचे आहे. प्राणायाम मी करते, त्यामुळे कृपया तो सुचवू नये.

जुनी_वही (प्रतिसाद)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी सत्तावीस वर्षे महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम करून निवृत्त झाले आहे, आणि त्यातली बरीच वर्षे पोलीस ठाण्याच्या आवारातच गेली. मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये पोलिसांच्या यंत्रणेत समाजकार्यकर्त्या बसवण्याचा जो प्रयोग सुरू केला, त्याच धर्तीवर पुढे उभ्या राहिलेल्या केंद्रांपैकी आमचे एक. एक टेबल, तीन खुर्च्या, आणि बाहेर बाकावर कधी सासू-सून तर कधी दोन्हीकडची माणसे.

आळसाचा प्रश्न निकालात काढते. आळशी माणसाला आठवेना म्हणून वाईट वाटत नाही.

आता एक आठवण करून देते. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत तुम्ही आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला जात असाल आणि आठवड्यातून एकदा पर्यवेक्षक शिक्षकांसमोर बसत असाल. आम्ही त्याला आय.सी. म्हणत होतो, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. तुम्हीही तेच म्हणत असाल. त्याआधी सविस्तर नोंद लिहून द्यावी लागे: ती बाई काय म्हणाली, मी काय म्हणाले, मग ती काय म्हणाली. माझ्या शिक्षिका समासात लाल शाईने एकच प्रश्न वारंवार लिहीत: "इथे तुम्हाला काय वाटले?" तेव्हा त्या प्रश्नाचा फार कंटाळा येई. नोकरी लागल्यावर लक्षात आले की तो प्रश्न विचारणारे माणूस आता कोणी नाही. महिन्याअखेरीस जी बैठक होते तिच्यात "किती केसेस झाल्या, किती मिटल्या, अहवाल कधी देता" एवढेच विचारले जाते. समाजकार्याच्या पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारे अशी तीन कामे समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कडुशिन यांनी मांडली होती आणि ती आपण परीक्षेत लिहून गुण मिळवलेले असतात. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत त्यातले पहिले तेवढे उरते. दोन प्रकरणे हाताळणाऱ्या विद्यार्थिनीला दर आठवड्याला एक तास, आणि ४९ प्रकरणे हाताळणाऱ्या कार्यकर्तीला वर्षातून एकदा फुगे, असा हा हिशेब आहे.

संस्था हा तास देईल म्हणून मी सात वर्षे थांबले. मग वेगवेगळ्या संस्थांतल्या आम्ही चौघीजणींनी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकीच्या घरी दुपारी दोन तास बसायला सुरुवात केली. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि पॉक्सोचे कलम २३ मुलाची ओळख उघड करू देत नाहीत, आणि आमच्या बायकांनाही आम्ही तोच शब्द दिलेला होता, म्हणून पहिला नियम असा केला की प्रकरण सांगायचे नाही. मनात अडकून राहिलेले एखादे वाक्य किंवा दृश्य सांगायचे आणि आपले काय झाले ते सांगायचे. बाकीच्यांनी उपाय सुचवायचा नाही. हा दुसरा नियम पाळायला आम्हाला वर्ष लागले, कारण उपाय सुचवणे हा आपल्या व्यवसायाचा रोगच आहे.

एक उदाहरण देते. रात्रभर मार खाऊन सकाळी केंद्रात आलेल्या एका बाईने बसल्या बसल्या मला विचारले, "ताई, तुम्ही जेवलात का?" मला तिचा विलक्षण राग आला. आवाज चढला नाही, पण पुढचा अर्धा तास मी तिच्याशी कोरडेपणाने बोलले आणि नंतर आठवडाभर स्वतःला खात राहिले. शनिवारी हे वाक्य सांगितले तेव्हा एका मैत्रिणीने फक्त विचारले, "जेवली होतीस?" मी जेवले नव्हते. सकाळचा डबा पिशवीत तसाच होता, आणि जिची काळजी मी घ्यायची तिच्या ते लक्षात आले याची मला लाज वाटली होती. या सगळ्यातून मोठा बोध वगैरे निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एक वाजता केंद्राचे दार लोटून डबा उघडू लागले, आणि बाहेर बसलेल्या बायकांनी त्याबद्दल कधीही तक्रार केली नाही.

पूर्णवेळ (प्रतिसाद)

क्षमा करा, पण सहा वर्षांत थकवा? आम्ही १९७० च्या दशकात पूर्णवेळ कार्यकर्ते म्हणून बाहेर पडलो. महिन्याला मानधन मिळे, तेही मिळाले तर. दुष्काळी कामांवर फिरलो, मजुरांबरोबर झोपलो, कोणी आम्हाला किती प्रकरणे आहेत हे विचारले नाही. काम हे व्रत मानले की थकवा जाणवत नाही. आज समाजकार्याची नोकरी झाली आहे आणि नोकरी म्हटली की तक्रारी आल्याच. शिवाय आमच्याकडे शिबिरे होती, रात्रीची गाणी होती, वाद होते. आठ-आठ दिवस एकत्र राहणे होते. ते सगळे सोडून तुम्ही लॅपटॉपवर अहवाल लिहीत बसता, मग दुसरे काय होणार?

जुनी_वही (प्रतिसाद)

पूर्णवेळ यांस: शिबिरे, गाणी आणि वाद यांबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, कारण तुम्ही ज्याला शिबिर म्हणता तेच मी वर शनिवार म्हणून मागते आहे. व्रताबद्दल मात्र एक विचारते, राग मानू नये. त्या दशकात तुमच्या घरची चूल कोणाच्या पगारावर पेटत होती? माझ्या ओळखीच्या पूर्णवेळ दादांपैकी निम्म्यांच्या बायका शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी सकाळी डबे केले, मुलांच्या फिया भरल्या, आजारी सासऱ्यांना दवाखान्यात नेले, आणि त्यांच्या थकव्याला कोणी नावही दिले नाही. प्रश्न विचारणाऱ्या ताईंकडे व्रतही आहे, चार वर्षांची मुलगीही आहे आणि घरात दुसरी शिक्षिका नाही.

वॉर्ड_अकरा (प्रतिसाद)

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. देशातील पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमली गेली, एवढे जुने हे पद आहे. तरीही वॉर्डात नवीन आलेले निवासी डॉक्टर आम्हाला "ते योजनेच्या फॉर्मवाले" म्हणून ओळखतात.

शनिवारच्या बैठकीबद्दल मला आदर आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. ४९ प्रकरणांचा ताण बोलून कमी होत नाही. चौघींजवळ मन मोकळे करून सोमवारी पुन्हा ४९ फायलींसमोर बसायचे असेल तर ती बैठक म्हणजे फुटलेल्या पाइपाखाली बादली ठेवणे होय. बादली लागतेच, हे खरे. पण पाइपाचे काय? वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल आहे. आम्हा वैद्यकीय आणि मनोविकार विभागातल्या समाजकार्यकर्त्यांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत निदान जागा मिळाली. बालसंरक्षणात काम करणाऱ्यांसाठी अशी वैधानिक परिषद नाही, आणि म्हणून एका कार्यकर्तीकडे किती प्रकरणे असावीत हे सरांच्या समजूतदारपणावर ठरते.

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे नातेवाईक येतात ते शेवटच्या पायरीवर. महात्मा फुले योजनेच्या यादीत आजार बसत नाही, शिधापत्रिकेवर नाव नाही, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गावी राहिला आहे, धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी राखून ठेवायच्या दहा टक्के खाटा "आज भरलेल्या" आहेत. या प्रत्येक "नाही"चा निरोप त्या माणसापर्यंत पोहोचवण्याचे काम माझे. दहाव्या वर्षी माझ्या लक्षात आले की दुःख ऐकून मी थकलो नव्हतो, मी थकलो होतो दुसऱ्यांच्या नकाराबद्दल रोज स्वतः दिलगिरी व्यक्त करून. तेव्हापासून मी दोनशे पानी वहीत प्रत्येक प्रकरणाला तीन रकाने आखतो: माझ्या हातात काय आहे, माझ्या हातात काय नाही, आणि जे नाही ते कोणाच्या हातात आहे. तिसऱ्या रकान्यात पद लिहायचे आणि त्या पदाला त्याच दिवशी लेखी पत्र द्यायचे. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवायची. खाट मिळेलच असे नाही. पण नकार आता त्याच्या टेबलावर असतो, माझ्या डोक्यात नसतो. तुमच्या बाबतीत पॉक्सोचे कलम ३५ शक्यतो एका वर्षात खटला संपावा असे म्हणते. तो चार वर्षे चालला आणि मुलगी दहावी होऊन कॉलेजात गेली, तरी प्रत्येक तारखेला तिच्या आईसमोर मान खाली घालून उभ्या तुम्हीच राहता ना? ते ओझे तुमचे नाही.

अजून एक अगदी साधी गोष्ट. आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. आपल्या क्षेत्रातल्या बायकांचा अर्धा "मानसिक थकवा" मी प्रयोगशाळेच्या कागदावर पाहिलेला आहे. रविवारचा पोटातला गोळा आणि झोप बिघडणे महिनाभर टिकले तर मनोविकार तज्ज्ञांकडे जाण्यात संकोच करू नका. आपण इतरांना ज्या सहजतेने पाठवतो त्याच सहजतेने जा. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो आणि तिथे कोणी संस्थेचे नाव विचारत नाही.

आणि ज्या दिवशी वॉर्डात मृत्यू होतो त्या दिवशी मी घरी जाताना एक थांबा अलीकडे बसमधून उतरतो. चालत गेले की बारा मिनिटे लागतात. तेवढ्यात तो माणूस मनातून जात नाही, पण निदान घरात माझ्याबरोबर शिरत नाही.

कान_आणि_मन (प्रतिसाद)

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. वरच्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सोडवून ठेवते, कारण त्यांचे उपाय निराळे आहेत.

बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून संपून जाणे, हा शब्द मनाच्या संदर्भात मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडला. त्याला कॉर्पोरेट कंपन्यांचा शब्द समजले जाते, प्रत्यक्षात त्यांनी तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून वापरला होता. म्हणजे व्रत मानून काम करणाऱ्यांनाच प्रथम. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याचे तीन भाग केले: भावनिक शक्ती संपणे, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. घड्याळाकडे जाणारे लक्ष आणि "मी लायक उरले नाही" हे वाक्य, ही यातली दुसरी आणि तिसरी खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले, आणि कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे असे नोंदवले. म्हणजे वॉर्ड अकरा यांचा पाइप तिथेच आहे.

शेजारच्या आजोबांचा प्रसंग मात्र वेगळा आहे, आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. दुसऱ्यांवरचे अत्याचार वर्षानुवर्षे ऐकल्यावर जगाकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. सुरक्षित माणूस सुरक्षित वाटेनासा होतो. प्रकरणांची संख्या ४९ वरून २५ वर आली तरी हे आपोआप जाईलच असे नाही, आणि रजेने तर नाहीच. आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे स्वतःसाठी काही सत्रे घेणे इथे उपयोगी पडते. नवऱ्याशी काय बोलायचे, हे तुम्ही विचारले आहे. मुलींच्या गोष्टी सांगू नका. "मी आजोबांच्या मांडीवरून आपल्या मुलीला उचलून आणते, कारण मला भीती वाटते" हे वाक्य पूर्णपणे तुमचे आहे, आणि कोणतेही कलम ते सांगण्यापासून तुम्हाला अडवत नाही.

चालक (प्रतिसाद)

मी एका छोट्या संस्थेचा संचालक आहे, म्हणजे या चर्चेतला आरोपी. ताईंच्या सरांच्या जागी मी होतो आणि मीही रजाच देत होतो. आमच्या दोन चांगल्या कार्यकर्त्या वर्षभरात सोडून गेल्या, तेव्हा मी पहिल्यांदा हिशेबाची वही घेऊन बसलो.

पैशाचे कारण खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि पर्यवेक्षण, प्रशिक्षण, समुपदेशन असे जे जे आम्ही "कार्यालयीन" खाली टाकत होतो ते सर्वांत आधी कापले गेले. चूक आमचीच होती. पर्यवेक्षण हा प्रकरण हाताळण्याचा भाग आहे, कार्यालयाचा नाही, हे आम्ही देणगीदाराला कधी सांगितलेच नव्हते. पुढच्या प्रस्तावात आम्ही प्रत्येक प्रकरणाच्या खर्चात गृहभेटीचा प्रवास, अहवाल आणि पर्यवेक्षणाचा वेळ असे एकत्र धरले. देणगीदाराच्या अधिकाऱ्याने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. उलट मीच अस्वस्थ झालो, की इतकी वर्षे का मागितले नाही. कदाचित मलाही पूर्णवेळ यांच्यासारखेच वाटत असावे, की काळजी मागणारा कार्यकर्ता कच्चा.

दुसरा बदल फोनचा. आमच्याकडे प्रत्येक कार्यकर्तीचा वैयक्तिक क्रमांक गावोगावच्या अंगणवाडीत, शाळेत, पोलीस पाटलांकडे गेलेला होता. आम्ही संस्थेचा एक साधा बटणाचा फोन घेतला. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी तोच क्रमांक चालतो, आणि तो पाळीने एकीकडे असतो. पहिले तीन महिने लोक जुन्याच क्रमांकांवर फोन करत राहिले. कार्यकर्त्याच ते उचलत होत्या, कारण न उचलल्यास अपराधी वाटे. चौथ्या महिन्यात मी स्वतः सगळ्या गावांत जाऊन नवा क्रमांक भिंतीवर रंगवून घेतला. खर्च रंगाचा आणि पेट्रोलचा.

प्रकरणांची मर्यादा आम्ही ३० ठेवली आहे. ती कुठल्या नियमात नाही. एकतिसावे आले की मी समितीला लेखी कळवतो की आमच्याकडे सध्या माणूस नाही. पहिल्यांदा ते पत्र लिहिताना माझा हात जड झाला होता, हेही सांगतो. कारण ते एकतिसावे मूल कुठेतरी बसलेले असते. याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

गृहभेट (पुन्हा, पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला. काय काय झाले ते क्रमवार नाही, पण सांगते.

हिमोग्लोबिन ९.१ निघाले. वॉर्ड अकरा दादा, तुम्ही अर्धा म्हणालात, माझ्या बाबतीत तो पाव असावा, पण गोळ्या सुरू झाल्यापासून दुपारी तीनची गुंगी गेली आहे. समुपदेशकाकडे दोन सत्रे झाली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. नवऱ्याला ते एक वाक्य सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला वाटत होते तुला ते आजोबा आवडत नाहीत." आम्ही दोघेही हसलो, आणि मग मला रडू आले, जवळजवळ तीन वर्षांनी.

सरांना चालक यांचा प्रतिसाद छापून दिला. त्यांनी तो माझ्यासमोरच वाचला आणि ३० ऐवजी ४० वर तयार झाले. नवी प्रकरणे दोन महिने माझ्याकडे येणार नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या दोघीजणी आणि मी, अशा तिघी दुसऱ्या शनिवारी एका शाळेच्या रिकाम्या वर्गात बसलो. पहिल्याच बैठकीत आम्ही तिघींनीही एकमेकींना भरपूर उपाय सुचवले. जुनी वही ताई, आम्हालाही वर्ष लागणार असे दिसते.

त्या मुलीच्या घरी मी पुन्हा गेले. दुरुस्त अहवालासाठी जाणे भागच होते, पण या वेळी त्या दिवशी दुसरी भेट ठेवली नाही. वडील घरी होते. त्यांनी रिक्षा पुसता पुसता बरेच काही सांगितले जे पहिल्या अहवालात नव्हते. आता ते घर मला दिसते: दार, दाराशेजारची तुळस, रिक्षाच्या मागे रंगवलेली ओळ. ती ओळ फार सुंदर आहे आणि ती इथे लिहिता येणार नाही.

चालक सरांना एक विचारायचे राहिले. आमच्याकडेही पाळीचा फोन सुरू होतो आहे. ज्या कार्यकर्तीकडे रविवारी फोन असतो, तिला तुमच्याकडे बदली रजा मिळते का? आमच्या सरांचे म्हणणे आहे की फोन वाजलाच नाही तर रजा कशाची.

चालक (प्रतिसाद)

मिळते. फोन वाजला काय आणि न वाजला काय, सोमवारी अर्धा दिवस. हजेरीपटात तसे लाल शाईने लिहून ठेवतो, म्हणजे मार्चमध्ये लेखापरीक्षकांना वेगळे समजावावे लागत नाही. तुमच्या सरांना एक रविवार तो फोन स्वतःजवळ ठेवायला सांगा.